वृषालीबाईंच्या तळ्यावरील दोन स्वाऱ्या

पाण्यात उतरेल त्यास पाणी सांभाळो, काठी बसेल त्यास धीर सांभाळो, आणि लिहिणाराच्या हातून खोटे न लिहिले जावो. शालिवाहन शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सर, माघ मास, ते समयी एका राज्यात जे वर्तमान जाहले ते ऐकिले तैसे लिहितो. राज्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही, सबब लिहिले नाही. राज्य मोठे नव्हे, परंतु नांदते. शहरापासून सात कोसांवर नदीस धरण घालून केलेले थोर तळे, तळ्याभोवती डोंगर, आणि दर साली माघात त्या तळ्यावर राज्यातील हौशी लोकांची एक स्पर्धा होत असे. आधी तळ्यात दीड हजार मीटर पोहावे, मग ओल्या अंगाने सायकलीवर स्वार होऊन चाळीस किलोमीटर जावे, आणि मग सायकल टाकून दहा किलोमीटर पळावे, ऐसी रीत. तीस परमुलखीच्या भाषेत ट्रायथलॉन म्हणती. कोणी बळजबरी करीत नाही, जिंकणारास गाव इनाम मिळत नाही, तरी माणसे वर्षभर झुरतात, पहाटे उठून अंग मोडून घेतात आणि वर हासतात, ऐसा त्या स्पर्धेचा महिमा.

त्या राज्यात वृषालीबाई म्हणून होत्या. वय बेचाळीस. सरकारी दवाखान्यात लोकांच्या हाडांच्या तसबिरी काढणे, ज्यास एक्स-रे म्हणतात, ते काम त्यांजकडे. यजमान दिगंबरराव विम्याच्या कचेरीत कारकून, स्वभावे गरीब, पाण्यास भिणारे. एकुलती कन्या शिक्षणास दूर मुलखी गेली, आणि घर इतके निवांत जाहले की स्वयंपाकघरातून दिवाणखान्यातले घड्याळ ऐकू येऊ लागले. ते ऐकवेना म्हणून बाई पहाटे पळावयास निघाल्या. पळता पळता सायकल घेतली, सायकल चालविता चालविता स्पर्धेची खबर कानी आली, आणि एकेचाळिसाव्या वर्षी गोड्या पाण्याच्या तरणतलावात पहिल्याने पाय घातला. घरात तिसरे माणूस म्हणजे दिगंबररावांच्या मातोश्री हौसाबाई. वय सत्तर, गुडघे धरलेले, बोलणे मोजके. सून त्यांस आत्याबाई म्हणे. दोघींत भांडण म्हणून कधी नाही, आणि गूज म्हणूनही कधी नाही. वृषालीबाईंनी सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांच्या तसबिरी स्वहस्ते काढिल्या होत्या, कोठे किती झीज ते सांगू शकत होत्या, परंतु हे माणूस न्हाणीघरात एकटे असताना बादलीतल्या पाण्यात हात घालून इतका वेळ का बसते, हे त्यांस वीस वर्षांत कळले नव्हते.

माघ वद्य पक्षी, रविवारी, वृषालीबाईंनी तळ्यावर पहिली स्वारी केली. दोनशे लोक काठी उभे. शिट्टी वाजली, आणि सर्व फौज एकदम पाण्यात लोटली. तरणतलावात तळाशी निळी रेघ दिसते, ती पाहत जावे. तळ्यात खाली पाहावे तो हिरवा अंधार. कोणाची टाच कानशिलावर बसली, कोणाचा हात पाठीवर पडला, डोळ्यांवरचा चष्मा सरकून पाणी आत शिरले. बाईंनी मान वर काढिली, श्वास घ्यावयास तोंड उघडले, तो लाटच घशात गेली. मग हात कोठे, पाय कोठे, त्याची शुद्ध राहिली नाही. नारिंगी फुगे बांधून वाट आखिली होती, त्यातला दुसरा फुगा कसाबसा गाठिला आणि त्यास मिठी मारिली, ती सुटेना. पन्नास मिनिटांत पाण्याबाहेर यावे ऐसी स्पर्धेची मुदत. पंचेचाळीस तेथेच जाहली. तेव्हा बचावाची नाव आली, नावेतील माणूस म्हणाला, "ताई, हात द्या. पुढच्या वर्षी बघू." बाईंनी हात दिला. ओल्या मांजरासारख्या अंग चोरून नावेत बसून, दोनशे लोकांच्या देखत काठास आल्या. सायकल झाडाखाली उभी होती तैशीच उभी राहिली.

घरी आल्यावर दिगंबरराव म्हणाले, "अगं, नुसत्या पळायच्या शर्यती काय कमी आहेत? त्यात तू पहिली येशील." बाई ओली टोपी पिळीत राहिल्या. हौसाबाईंनी हुलग्याचे गरम माडगे करून वाटी पुढे ठेविली, आणि सुनेच्या केसांस तळ्याच्या पाण्याचा वास येत होता, तो जवळून जाताना एकदा ओढून घेतला. ते वृषालीबाईंनी पाहिले, परंतु अर्थ लागला नाही.

पुढे चैत्र लागला, शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर सुरू जाहले, आणि बाईंनी मनाशी मसलत करून तरणतलावाचे तालीममास्तर उद्धवराव यांस गाठिले. उद्धवराव कडक माणूस, गळ्यात शिट्टी, कमरेस टॉवेल. त्यांनी बाईंस दीड हजार मीटर पोहावयास सांगितले आणि घड्याळ लाविले. सत्तावन मिनिटे जाहली. म्हणाले, "मॅडम, तुमचे हात घोड्यासारखे चालतात, पण पाय मागे नांगर ओढल्यासारखे येतात. तुम्ही पोहत नाही, पाण्याशी मारामारी करता." मग रोज पहाटे साडेपाचास हजेरी. कधी पायांत तरंगता ठोकळा धरून नुसते हात मारावे, कधी ठोकळा हाती धरून नुसते पाय, कधी मूठ मिटून पोहावे म्हणजे कोपराने पाणी कसे ओढावे ते उमजते. चैत्र गेला, वैशाख गेला, ज्येष्ठ गेला. खांदे दुखून दवाखान्यात यंत्र सरकविताना हात वर होईना. सत्तावनाची चोपन्न मिनिटे जाहली, आणि तेथे जी अडली ती अडलीच. आषाढभर चोपन्नच. उद्धवरावांनी काठावरून फोनमध्ये त्यांचे पोहणे टिपले आणि म्हणाले, "घरी जाऊन दहा वेळा बघा. काय चुकतंय ते तुमचं तुम्हाला दिसेल."

श्रावणातील एका संध्याकाळी वृषालीबाई जेवणाच्या मेजाशी फोन उभा करून ते पाहत बसल्या, आणि शेजारी हौसाबाई मेथी निवडीत होत्या. बाईंनी चार वेळा पाहिले, काही दिसेना. पाचव्या वेळी पाहताना हौसाबाई फोनकडे एक नजर टाकून मेथी निवडीतच बोलल्या, "मान कशाला वर काढतेस एवढी? तोंड काय पाण्याला दाखवायचंय?"

बाईंनी वर पाहिले. "म्हणजे?"

"मान वर गेली की कंबर खाली जाणारच. उशीवर डोकं टेकतो तसं पाण्यावर टेकायचं. मग पाय आपले आपण वर येतात."

"आत्याबाई, तुम्हाला कसं कळलं हे?"

हौसाबाईंच्या हातातली जुडी थांबली. "कळलं कसलं, दिसतंय की." आणि निवडलेली मेथी घेऊन आत गेल्या, ती धुतली, पुन्हा धुतली, आणि बाहेर आल्या नाहीत.

दुसरे दिवशी वृषालीबाईंनी तरणतलावात डोके पाण्यावर टेकिले, जैसे रात्री थकून उशीवर टाकावे तैसे. आणि काय आश्चर्य सांगावे, जे पाय चार महिने नांगर जाहले होते ते वर आले, आणि अंग पाण्यावर असे सपाट जाहले की त्या स्वतःच दचकून उभ्या राहिल्या. त्या दिवशी बावन्न मिनिटे लागली. उद्धवराव म्हणाले, "बघितलंत ना? दिसलं की नाही?" बाई म्हणाल्या, "मला नाही, सासूबाईंना दिसलं." उद्धवरावांस ती थट्टा वाटली.

मग वृषालीबाई हौसाबाईंच्या मागे लागल्या. स्वयंपाकघरात पोळ्या लाटिताना विचारावे, पाय चेपिताना विचारावे. हौसाबाई उडवून लावीत. शेवटी एके दिवशी बाई म्हणाल्या, "आत्याबाई, माझा श्वास पुरत नाही. पंचवीस हात मारले की छाती फुटायला होते." तेव्हा त्या वृद्ध बाईंस राहवले नाही. मोठी परात काढली, पाण्याने भरली, मेजावर ठेविली आणि म्हणाल्या, "घाल तोंड." सुनेने तोंड घातले. क्षणभराने हौसाबाईंनी वेणी धरून वर ओढले. "श्वास धरून का ठेवलास?"

"सोडला तर बुडेन ना."

"धरून ठेवलास म्हणून तर दमतेस. आत सोड सगळा, मग वर आल्यावर घे. घ्यायला जागा तर पाहिजे! आणि फुर्र करून सोडू नकोस. हुं म्हण. तान्ह्याला मांडीवर झोपवताना म्हणतो तसं, लांब हुं."

तेव्हा वृषालीबाई परातीत तोंड घालून हुं म्हणू लागल्या, आणि हौसाबाई परातीस कान लावून ऐकू लागल्या. "तुटला. पुन्हा." मग पुन्हा. "आता बरा." इतक्यात दिगंबरराव कचेरीतून आले. पत्नीचे तोंड परातीत, मातोश्रींचा कान परातीस, ऐसा देखावा पाहून त्यांनी पिशवी हळूच खाली ठेविली आणि विचारिले, "डॉक्टरांना बोलावू का?" त्यावर त्या दोघी इतक्या हासल्या की परातीतले अर्धे पाणी जमिनीवर गेले. लग्नास वीस वर्षे जाहली, परंतु सासू-सुना एकत्र हासल्या ऐसे त्या घरात प्रथम घडले. दिगंबरराव पोछा शोधावयास गेले आणि बराच वेळ तो सापडू नये ऐसी त्यांनी दक्षता घेतली.

हुंकार जमला, आणि भाद्रपद संपता संपता घड्याळात एकोणपन्नास मिनिटे आली. मुदतीच्या आत! उद्धवरावांनी शिट्टी वाजवून सर्व तरणतलावास सांगितले. परंतु तरणतलाव तो तरणतलाव, तळे ते तळे. रात्री डोळा लागताना बाईंस तो हिरवा अंधार दिसे आणि हातात फुगा आल्याचा भास होई. तेव्हा त्यांनी एके दिवशी जेवताना सहज म्हटले, "आत्याबाई, पुढच्या रविवारी माझ्यासंगे तळ्यावर चला ना. तुम्ही काठावर बसलात तरी मला धीर येईल."

हौसाबाईंचा घास हातात राहिला. चेहरा असा जाहला की तैसा सुनेने कधी पाहिला नव्हता. म्हणाल्या, "त्या तळ्याचं नाव या घरात काढू नकोस." आणि ताट अर्धे टाकून उठल्या. अन्न टाकणे त्यांच्या स्वभावात नव्हते. मग अबोला पडला. एक सप्ताह गेला, दुसरा गेला. परात फळीवर गेली. वृषालीबाईंनी यजमानांस विचारिले, तेव्हा दिगंबरराव म्हणाले, "आईचं माहेर कुठलं ते मलाही नीट ठाऊक नाही. लहानपणी मामाच्या गावाला जाऊ म्हणालो, तर गाव राहिलं नाही म्हणाली. मला वाटलं, साथबीथ आली असेल." आणि थोड्या वेळाने म्हणाले, "मी पुढे कधी विचारलंच नाही."  वृषालीबाई त्या रात्री फार खंतावल्या. आपल्या श्वासापायी आपण म्हाताऱ्या माणसाच्या कोणत्या दुखऱ्या जागी बोट ठेविले, हे कळेना, आणि क्षमा मागावी तरी कशाची, तेही कळेना. स्पर्धेतून नाव काढून घ्यावे ऐसेही एकदा मनात आले.

कार्तिक मासी, रविवारी, झुंजुमुंजू होताना बाई एकट्याच तळ्यावर जावयास निघाल्या. मोटारीच्या डिकीत टॉवेल, टोपी, चष्मा, कमरेस बांधावयाचा नारिंगी फुगा टाकिला, आणि दार उघडून पाहतात तो मागल्या बैठकीवर हौसाबाई. अंगावर जुने नऊवारी लुगडे, मांडीवर कपड्यांचे गाठोडे. म्हणाल्या, "चल." इतकेच. बाईंनी मोटार सुरू केली. 

तळ्यावर धुके होते. हौसाबाई मोटारीतून उतरल्या, गुडघ्यावर हात ठेवून काठापर्यंत गेल्या आणि उभ्या राहिल्या. धुके हळूहळू निघाले, समोरचे डोंगर दिसो लागले. त्या दोन डोंगरांमध्ये एक खिंड. खिंडीकडे पाहून हौसाबाईंनी हात वर केला, आणि बोलावयास लागल्या तेव्हा त्यांची भाषाच बदलली. पन्नास वर्षे शहरात राहून जी भाषा मिटवून ठेविली होती ती बाहेर आली.

"ती खिंड दिसतीया न्हवं, तिच्या नाकासमोर आमचं गाव व्हतं. नदी हितनं यायची आन् तितनं वळायची. आम्ही नावाडी. बा नाव चालवायचा. मला धा वर्साची असताना दोन भोपळ्यांची सांगड पाठीला बांधून पाण्यात ढकललं, आन् बाराव्या वर्सी सांगड सुटली. कलिंगडं या काठाची त्या काठाला ढकलत न्यायचो आम्ही पोरी. कुणी म्हणायचं न्हाई, बाईमाणूस हाय, पाण्यात कशाला. एकुणिसाव्या वर्सी लगीन झालं, आन् त्याच साली धरणाची दारं लावली. मला बघायला बी जाऊ दिलं न्हाई. सासरा म्हणला, आता आपन शहरातली मानसं, नदीचं नाव घरात काढायचं न्हाई. म्या न्हाई काढलं." मग थांबून म्हणाल्या, "बावन्न वर्सं झाली. आज पयल्यांदा आले."

वृषालीबाईंनी त्यांचा हात धरला.  थोड्या वेळाने हौसाबाईंनी हात सोडविला, लुगड्याचा काष्टा घट्ट खोविला, आणि पाण्यात पाऊल टाकिले. बाई घाबरून म्हणाल्या, "आत्याबाई, गुडघे! पाणी गार आहे! निदान हा फुगा तरी बांधा."

"बांध बापडे, तुला बरं वाटत असंल तर."

सुनेने सासूच्या कमरेस फुगा बांधिला. हौसाबाई कमरेइतक्या पाण्यात गेल्या, एकदा ओंजळ तोंडावर घेतली, आणि मग पाण्यावर अशा आडव्या जाहल्या की जैसे कोणी आपल्या अंथरुणावर निजावे. हात पुढे गेला, पाणी हलले नाही, आवाज नाही, फेस नाही. ज्या बाई घरी पाटावरून उठताना भिंत धरीत, त्या वीस हात गेल्या, चाळीस गेल्या, कुशीवर वळल्या, पुन्हा पालथ्या जाहल्या, आणि मागे तो नारिंगी फुगा डुलत डुलत चालला. वृषालीबाई काठी उभ्या राहून रडू लागल्या. मग डोळे पुसून, टोपी चढवून, मागोमाग पाण्यात शिरल्या. त्या दिवशी प्रथमच त्यांस तळ्याच्या हिरव्या अंधाराचे भय वाटले नाही, कारण त्या पुढच्या फुग्याकडे पाहत होत्या आणि म्हातारीस काही होऊ नये एवढेच मनात होते. वळून काठी आल्या तेव्हा घड्याळ लाविले नव्हते, याचे उद्धवरावांस पुढे फार वाईट वाटले.

तेव्हापासून दर रविवारी दोघी तळ्यावर जाऊ लागल्या, आणि दिगंबररावही चहाचा थर्मास घेऊन येऊ लागले. ते काठापासून दहा हातांवर बसत आणि दोन्ही फुगे दिसतात की नाही ते मोजीत राहत. आई पोहताना त्यांनी प्रथम पाहिली त्या दिवशी चहा प्यावयाचे विसरले. हौसाबाई सुनेस म्हणत, "शर्यतीत वाटेवर बांधत्यात तो फुगा नको बघू. वारं आलं की फुगा इकडचा तिकडं व्हतो. खिंड बघ. डोंगर कुठं जात न्हाई. आठ हात मार, डोळं नुसतं पाण्यावर काढ मगरीवानी, खिंड बघ, पुन्हा खाली." आणि गर्दीची भीती घालविण्यास त्यांनी एक युक्ती केली. सून पोहू लागली की बाजूस येऊन तिला कोपर मारावे, तोंडावर पाणी उडवावे, पाय धरून ओढावा. वृषालीबाई प्रथम ठसकल्या, मग चिडल्या, म्हणाल्या, "आत्याबाई, हे फार होतंय हां!" हौसाबाई म्हणाल्या, "वीस वर्सांत तुझ्या अंगाला कधी लागले न्हाई मी, आता लागू दे की!" पौष लागेतो सुनेचा ऐसा सराव जाहला की पाय ओढिला तरी हुंकार तुटत नसे. पौषात मात्र गारठ्याने हौसाबाईंचा गुडघा सुजला, आणि वैद्यांनी पाणी बंद केले. मग त्या काठी चादर पांघरून बसत आणि तेथूनच ओरडत. त्यांचे पोहणे राहिले याचे सुनेस वाईट वाटे, परंतु त्या म्हणत, "मी माझं पोहून घेतलं. तू आता तुझं पोह."

माघ आला. स्पर्धेच्या दिवशी तळ्यावर वारा सुटला होता, आणि काठी अडीचशे लोक. शिट्टी वाजली, फौज लोटली. वृषालीबाई घाई न करता डाव्या अंगास राहिल्या. कोणाची टाच लागली, कोणाचा हात बसला, तो सासूबाईंचाच म्हणून सोसला. पहिला फुगा गेला. दुसऱ्या फुग्यापाशी मागल्या सालची आठवण उठली, श्वास तुटला, हात थबकले, आणि बाजूस बचावाची नाव दिसली. नावेतील माणसाने विचारिले, "ताई, बऱ्या आहात ना?" बाई उताण्या जाहल्या. आकाश पाहिले. हुं म्हटले, लांब, तान्ह्यास निजविताना म्हणावे तैसे. एकदा म्हटले, दोनदा म्हटले, तिसऱ्याने छातीतले कापरे थांबले. मग म्हणाल्या, "बरी आहे. तुम्ही जा." आणि पालथ्या होऊन पुढे निघाल्या. तो पावेतो वाऱ्याने तिसरा फुगा पार उजवीकडे वाहून नेला होता, आणि पुढचे वीस-पंचवीस लोक त्याच्या मागे भलतीकडे वळले होते. बाईंनी आठ हात मारिले, डोळे काढिले, ज्या खिंडीच्या रोखाने फुग्याची मूळ जागा होती ती खिंड पाहिली. पुन्हा आठ हात, पुन्हा खिंड. एके ठिकाणी पोटाखालून पाणी अकस्मात गार लागले, जैसे कोणी माठ उघडावा, आणि चार हातांनी पुन्हा ऊब आली. त्याचा विचार करावयास तेव्हा फुरसत नव्हती. नावेतील माणसाने तो फुगा पुन्हा जागी आणिला तेव्हा बाई त्याच्या समोर होत्या. तो वळसा घेऊन काठाकडे तोंड केले.

काठास पाय लागले. घड्याळाकडे पाहण्याचे धैर्य होईना. समोर गर्दीत हौसाबाई, चादर खांद्यावरून गळालेली, दिगंबररावांचा दंड घट्ट धरून उभ्या. ओरडल्या, "अठ्ठेचाळीस! अठ्ठेचाळीस झाली!" बाई त्यांच्याकडे धावल्या, तो म्हातारीने दोन्ही हात पुढे करून अडविले. "हिकडं कुठं? सायकल तिकडं हाय! पळ!" तेव्हा बाई हासत, रडत, ओल्या अंगाने पळाल्या. चाळीस किलोमीटर सायकल मारिली, वाऱ्यास तोंड देऊन. दहा किलोमीटर पळाल्या, त्यातले शेवटचे दोन किलोमीटर पाय ओढीत. अडीचशेत एकशे एक्क्याऐंशीव्या आल्या. उद्धवराव स्वतः येऊन म्हणाले, "मॅडम, त्या फुग्याच्या वेळी तुम्ही सरळ कशा गेलात? माझी चांगली पोरं चुकली." बाईंनी हौसाबाईंस पुढे केले. "ह्या माझ्या दुसऱ्या मास्तर." उद्धवरावांनी त्या लुगडेवाल्या बाईंस पाहिले, गळ्यातली शिट्टी सावरली आणि लवून नमस्कार केला. हौसाबाईंस काय करावे ते सुचेना, त्यांनी थर्मासातला चहा त्यांच्या हाती दिला.

मग ऊन चढले, लोक पांगले, मांडव उतरू लागला. दिगंबरराव सायकल मोटारीवर बांधीत होते आणि दोघी एका चादरीवर बसून घरची भाकरी आणि झुणका खात होत्या. तेव्हा वृषालीबाई म्हणाल्या, "आत्याबाई, मी खाली बघायचा प्रयत्न केला. गावाचं काही दिसतंय का म्हणून. पण पाणी गढूळ, काही दिसलं नाही."

"न्हाईच दिसायचं. इतकी वर्सं झाली."

"फक्त एका जागी पाणी एकदम गार लागलं. चार हात असेल. मग पुन्हा कोमट."

हौसाबाईंनी भाकरी खाली ठेविली. "कुठं?"

"दुसऱ्या फुग्याच्या पुढे. खिंड नाकासमोर होती, आणि डावीकडं ते एकटं झाड दिसत होतं."

हौसाबाईंनी पाण्याकडे पाहिले, झाडाकडे पाहिले, बोट हवेत फिरवून काही मोजिले, आणि त्यांचे ओठ हलू लागले. मग हळूच म्हणाल्या, "ती आमच्या दारातली हीर. उन्हाळ्यात बी तिचं पानी दात कडकडवायचं. आई म्हणायची, हिला खालनं दुसरीच नदी मिळतीया."  मग सुनेच्या ओल्या केसांवरून हात फिरविला, फिरवीतच राहिल्या, आणि म्हणाल्या, "हाय म्हणायची अजून. तू आमच्या दारावनं आलीस, पोरी."

येणेप्रमाणे क्रोधीनाम संवत्सरी माघ मासी वृषालीबाईंची तळ्यावरील दुसरी स्वारी फत्ते जाहली. पुढे चैत्रात ऊन पडल्यावर हौसाबाईंच्या गुडघ्याची सूज उतरली आणि वैद्यांनी पाणी मोकळे केले. दिगंबररावही कमरेस फुगा बांधून गुडघाभर पाण्यापर्यंत आले आहेत, अधिक नाही. तळ्याच्या तळाशी विहीर खरोखर आहे, की ते पाणी दुसऱ्याच कारणाने गार लागले, याचा तपास कोणी केला नाही. आणि राज्यातील कोणी जाणत्याने तो करू नये, ऐसी लिहिणाराची हात जोडून विनंती. मजकूर संपला.